तेरा तारखेच्या आत कुरिमोरी

२९ जुलै, शुक्रवार. साकाई.

दोन्ही सायकली तयार. दुपारी चाकांतला शेवटचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला आणि चारही चाकं टांगून फिरवून बघितली. रिम आणि ब्रेकचं रबर यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, आणि ती सगळीकडे सारखी. चाकाच्या तारा बोटाने छेडायच्या आणि सूर ऐकायचा; एकही तार बेसूर असता कामा नये. ही पद्धत मला कुणी शिकवलेली नाही. मला कुणीच काही शिकवलेलं नाही. या गावात सायकलीचे कारखाने ढीगभर आहेत, पण हाताने असं चाक बांधणारा आता दुसरा दाखवा.

हा प्रवास कशासाठी ते इथे नीट लिहून ठेवतो, पुढे गडबडीत राहून जाईल.

तामोत्सु किशिमोतो माझा शाळेपासूनचा मित्र. कागदोपत्री तो वीसेक वर्षं तामोत्सु इगाराशी आहे, कारण पार उत्तरेला कुरिमोरी नावाच्या खेड्यात तो घरजावई म्हणून गेला आणि रिवाजाप्रमाणे दत्तक जाऊन बायकोच्या घराण्याचं नाव त्याने घेतलं. मी त्याला किशिमोतोच म्हणतो. आडनाव म्हणजे काही सीट नव्हे, माणसाप्रमाणे वर-खाली करायला.

फेब्रुवारीत त्याची बायको नोबुए गेली. मूलबाळ नाही. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकून हा एक पिशवी घेऊन माझ्या दुकानाच्या माडीवर आला, तो अजून तिथेच आहे. तिकडे सासूबाई एकट्या आणि सोयाच्या हिरव्या शेंगांचं शेत. यंदा नोबुएचा पहिला ओबोन. पितर घरी यायचे ते दिवस. पहिल्या वर्षी तर घरच्या माणसानेच दाराशी सणकाड्या पेटवून तिला घरात बोलवायचं. घरजावई त्या दिवशी हजर नसला तर सगळं गाव समजायचं ते समजतं, की हा घराण्याचं नाव टाकून गेला. मग परत जायला तोंड राहत नाही.

ट्रेनने जा म्हटलं तर म्हणाला, “ट्रेन फार लवकर पोचते.”

म्हटलं, मग सायकलने जाऊ, मी येतो बरोबर. तेरा ऑगस्टला संध्याकाळी आग पेटते. त्या दिवशी दुपारच्या आत तुला कुरिमोरीत उभा करतो. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता, मग नुसती मान हलवली. मी त्याच बैठकीत नकाशे काढले.

त्याचं लक्ष हल्ली ठिकाणावर नसतं. याच महिन्याच्या मध्यावर संध्याकाळी मागच्या गल्लीत सणकाड्या जाळत उकिडवा बसला होता. हाताच्या अंतरावर सोल्युशनचा डबा आणि रॉकेलचं भांडं. मी ओरडलो, दुकान पेटवतोस का? त्याने निमूटपणे वर पाणी ओतलं. अशा माणसाला एकटं कुठे पाठवणार?

१ ऑगस्ट, सोमवार. इमाझु, बिवा तलावाकाठी.

ऊन असं की डांबर टायरला चिकटतं. वर्तमानपत्रं म्हणतात असा उन्हाळा कुणी पाहिला नाही. माझ्या सायकलींना फरक पडत नाही.

किशिमोतो मागे राहतो. मजा म्हणजे चढावर नाही. चढावर तो पुढे असतो आणि वर जाऊन सावलीत माझी वाट बघतो. सपाटीवर मात्र सारखा थांबतो. बर्फाच्या गोळ्याची पाटी दिसली की उतरलाच. आज किती गोळे झाले ते मी मोजायचं सोडून दिलं.

“तुझी सीट खाली आहे,” मी म्हटलं.

“काल तूच वर केलीस.”

“मग वर आहे.”

“बरं, प्रोफेसर.”

तो मला प्रोफेसर म्हणतो. नववीनंतर शाळा सोडलेल्या माणसाला कुणी उगाच प्रोफेसर म्हणत नाही.

तो थांबतो तेव्हा मलाही बसावं लागतं, आणि मग माझ्या गुडघ्यांना तेवढाच आराम मिळतो, हे खरं आहे. पण प्रवासात शिस्त हवी.

३ ऑगस्ट, बुधवार. त्सुरुगा.

खिंड ओलांडली आणि खाली जपानचा समुद्र दिसला. आता कुरिमोरीपर्यंत तो डाव्या हाताला राहील. वाट चुकायला जागाच नाही.

गावात शिरताना किशिमोतो टेलिफोनच्या बूथमध्ये शिरला. मी बाहेर चेनला तेल दिलं, हात पुसले, तरी तो रिसीव्हर कानाला लावून उभाच. ओठ हलत नव्हते. बाहेर आला.

“सासूबाईंना सांगितलंस, येतोय म्हणून?”

“फोनचं कार्ड चालत नाही.”

मी कार्ड घेऊन बघितलं. माझ्या बहिणीला फोन लावला, लगेच लागला. तसं त्याला सांगितलं तर म्हणाला, “तुझ्या हाताला यश आहे.” ते खरं आहे. यंत्राला माणूस कळतो.

मी म्हटलं मीच लावतो कुरिमोरीला, नंबर दे. तो म्हणाला, “नको. त्या दुपारी घरात नसतात, शेतावर असतात.” मग सकाळी लावू म्हटलं, तर सकाळीही शेतावरच असतात म्हणे.

५ ऑगस्ट, शुक्रवार. कानाझावा.

आज खऱ्याखुऱ्या खानावळीत मुक्काम. मालकीणबाई बोलक्या. जेवायला थंड शेवया, वर किसलेलं आलं, दोघांनी मिळून एवढी मोठी परात उडवली की त्या म्हणाल्या, “सायकलला पेट्रोल लागत नाही ते काही खरं नाही.”

किशिमोतोने मध्येच विचारलं, “मालकीणबाई, इकडे ओबोनची तयारी दिसत नाही कुठे?”

“अहो, झाला की. जुन्या शहरात आम्ही जुलैतच करतो. थडग्यांवर कंदील टांगून झाले, काढून झाले. बाहेरच्या गावांतून मात्र आता होईल. माझं सासर जुलै, माहेर ऑगस्ट. मी दोन्हीकडे जेवते.”

त्या भांडी घेऊन गेल्यावर मी किशिमोतोला नीट समजावून सांगितलं. हे सगळं मी स्वतः वाचून काढलेलं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारने नवं कॅलेंडर आणलं तेव्हा महिने सरकले. काहींनी जुनी तारीख नव्या महिन्यात तशीच धरली, म्हणजे जुलैची तेरा. बाकीच्यांनी विचार केला की ऐन शेतीच्या दिवसांत पितरांना कोण बोलावणार, आणि सण एक महिना पुढे ढकलला. म्हणून शहरात कुठेकुठे जुलै, खेड्यात ऑगस्ट.

तो लक्ष देऊन ऐकत होता. असा ऐकणारा मिळत नाही.

“खेड्यात सगळीकडे ऑगस्टच?” त्याने विचारलं.

“सगळीकडे. शेतकरी जुलैत मोकळा नसतो.”

“आणि ऑगस्टमध्ये मोकळा असतो?”

“भात उभा असतो, काम नसतं. साधी गोष्ट आहे.”

तो भांड्यातल्या बर्फाकडे बघत बसला. “प्रोफेसरला माहीत,” म्हणाला.

७ ऑगस्ट, रविवार. उओझु.

किशिमोतोच्या मागच्या चाकात खिळा. पंक्चर मी काढलं; तो म्हणाला घाई नको, सावलीत बसून काढ. मला घाई नव्हतीच. ठिगळ असं बसलं की बोट फिरवून कळणार नाही.

आज रस्त्याकडेच्या स्मशानातून लोक थडगी घासताना दिसले, बादल्या आणि ब्रश घेऊन सगळं कुटुंब. म्हटलं बघ, तयारी सुरू झाली. त्याने टोपी काढून त्यांना नमस्कार केला. अनोळखी माणसं, त्यांनीही केला.

८ ऑगस्ट, सोमवार. नाओएत्सु.

ओयाशिराझुचा कडा पार केला. डोंगर सरळ समुद्रात उतरतो. पूर्वी खालच्या वाळूवरून दोन लाटांच्या मधल्या वेळात पळत जायचे. आईला पोराची शुद्ध नाही, पोराला आईची, म्हणून ते नाव. आता वर रस्ता आहे, पण अर्धा बोगद्यातून, आणि ट्रक कानाला घासून जातात. मी पुढे, तो मागे, असं ठरलं होतं. मध्यावर एक मोकळी जागा आहे तिथे मागे बघतो तर हा सायकल कठड्याला टेकवून उभा.

“काय झालं?”

“मी इथून मागे फिरलो तर?”

“तर हेच ट्रक पुन्हा लागतील.”

तो हसला. मग कठड्यावर बसून पहिल्यांदा नीट बोलला. मी विचारलं होतं, सासूबाई तुला काही टोचून बोलल्या का?

“एक शब्द नाही. तेच तर. नोबुए गेल्यावर रोज सकाळी माझ्यासमोर भाताची वाटी ठेवायच्या आणि शेतावर निघून जायच्या. बावीस वर्षं मी त्यांना आई म्हणतोय. पण मुलगी होती म्हणून मी जावई. ती गेली. आता त्या घरात मी कोण, सांग.”

“कायद्याने तू दत्तक मुलगा आहेस.”

“वाटी कायद्याने ठेवायच्या की कशाने, ते मला कळेना. विचारायची हिंमत होईना. म्हणून पिशवी उचलली.”

“एकदा विचारायचं होतंस.”

“तू बरा. तुला सगळं आधीच माहीत असतं, विचारावं लागत नाही.”

मी म्हटलं, तेरा तारखेला तुझ्या हाताने आग पेटली की सगळ्या प्रश्नांचं उत्तर झालं, चल. तो उठला. उरलेला कडा तो पुढे राहिला आणि प्रत्येक ट्रक आला की हात वर करून मला इशारा देत होता. ठरलं होतं त्याच्या उलट, पण बोगद्यात वाद घालता येत नाही.

१० ऑगस्ट, बुधवार. काशिवाझाकी.

काल काहीच लिहिलं नाही. आज आडवं पडून लिहितो आहे, अक्षर वाईट येतं आहे.

काल दुपारी वाळूच्या टेकड्यांच्या रस्त्यावर मला घाम यायचा थांबला. मला वाटलं, शरीर सरावलं. पुढचं आठवतं ते गवत आणि आकाश. सायकल माझ्या अंगावर होती, पण तिला ओरखडा नाही.

किशिमोतोने मला ओढून एका मासेवाल्याच्या शेडमध्ये नेलं, बर्फाच्या पेटीवर जवळजवळ झोपवलं, खारवलेला आलुबुखार तोंडात कोंबला. मासेवाला म्हणाला, “या वयात ही थेरं कशाला?” किशिमोतो म्हणाला, “अहो, हे मला पोचवायला निघालेत.” मासेवाला माझ्याकडे बघून इतका हसला की त्याच्या हातातला मासा खाली पडला.

डॉक्टरांनी आजचा दिवस हलू नका म्हणून सांगितलं. मी आखणी काढून बघितली. आजचा दिवस गेला तर पुढे दोन दिवसांचं काम एकात करावं लागेल. ते जमलं नाही तर तेरा तारीख चुकते. तेव्हा मी ठरवलं.

“किशिमोतो, तू इथून ट्रेनने जा. आज निघालास तर उद्या घरी असशील. माझी काळजी करू नको, मी मागून येतो.”

तो पंखा हलवत होता, तो हात थांबला.

“तू मला ट्रेनने पाठवतोस?”

“तारीख महत्त्वाची. सायकल नाही.”

हे वाक्य म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. तो खिडकीकडे तोंड करून बसला. खांदे हलत होते, हसत असावा.

“ऐक,” तो म्हणाला, “तेरा तारीख...”

“काय?”

“काही नाही. पाणी पी.” मग बऱ्याच वेळाने: “तू बरोबर नसलास तर मी स्टेशनवरूनच परत येईन. तेव्हा गपचूप पड.”

म्हणजे माझ्याशिवाय त्याचं अडतं. पडून आहे.

१२ ऑगस्ट, शुक्रवार. मुराकामीच्या पुढे, समुद्रकाठी.

काल निइगाता, आज इथवर. आखणी पुन्हा जागेवर आणली. किशिमोतोने माझ्या दोन्ही पिशव्या स्वतःच्या कॅरियरवर घेतल्या आहेत. मी नको म्हटलं, पण त्याचं म्हणणं असं की मागे वजन असलं की त्याची सायकल सरळ चालते. यात तथ्य आहे. मी वजनाची विभागणी करून दिली.

आज त्याने एकदाही गोळा खाल्ला नाही. बोललाही नाही. मी विचारलं, सीट ठीक आहे का? म्हणाला, “सीट ठीक आहे. सीटवरचा माणूस भ्यालेला आहे.”

म्हटलं, भ्यायचं काय त्यात, वेळेवर पोचतोय.

१३ ऑगस्ट, शनिवार. कुरिमोरी.

दुपार उलटायच्या आत पोचलो. हे आधी लिहितो. जे ठरवलं ते करून दाखवलं.

गाव म्हणजे एका कालव्याच्या दोन्ही बाजूंची घरं आणि चहूकडे शेंगांची शेतं. मला पहिलंच खटकलं ते हे, की कुणाच्या दाराला कंदील नाही, कुठे फुलं नाहीत. माणसं सगळी शेतात, वाकलेली. म्हटलं, उशिरा तयारी करणारं गाव दिसतं.

इगाराशींच्या शेडमध्ये एक म्हातारी उपटलेल्या रोपांच्या ढिगाशी बसून शेंगा तोडत होती. किकुयोबाई, किशिमोतोच्या सासूबाई. लहानशी बाई, डोक्याला फडकं, हात थांबत नाहीत. किशिमोतो शेडच्या दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला, आत जाईना. म्हणून मी पुढे झालो, वाकून नमस्कार केला.

“मी साकाईचा कुसाका. तामोत्सुला घेऊन आलो. तेरा तारखेला पोचवतो म्हटलं होतं, पोचवलं.”

“तेरा तारखेला काय आहे?” म्हातारीने विचारलं.

मला वाटलं, वयामुळे असेल. “आज ओबोन ना. संध्याकाळी आग.”

“आमचा झाला की मागच्या महिन्यात. जुलैच्या तेराला. ह्या दिवसांत शेंगा येतात, मग पितरांना वाढत कोण बसणार? आमच्याकडे पहिल्यापासून जुलै.” आणि माझ्याकडे वर बघून: “तुम्हाला ह्याने सांगितलं नाही होय?”

मी किशिमोतोकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मला त्या क्षणी काही सुचलं नाही, हे मी इथे लिहून ठेवतो. असं माझं फारसं होत नाही.

म्हातारीने एक रोप उचललं, शेंगा तोडल्या, दांडा टाकला. मग त्याच्याकडे न बघता बोलली.

“नोबुए आली होती.”

किशिमोतो हातातली टोपी गोल फिरवू लागला.

“तीन दिवस होती. तुझं विचारत होती, तो कुठे आहे म्हणून.”

“आई...”

“मी सांगितलं तिला, वाटेत आहे.” आणखी एक दांडा पडला. “पाव्हणेरावळे जमले होते, त्यांनीही विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं. निघालाय, वाटेत आहे. गावातला तोगाशी म्हणतो कसा, कशाने येतोय, गोगलगाईवर बसून? मी म्हटलं, कशाने येतोय ते मला ठाऊक नाही. येतोय एवढं ठाऊक आहे.”

ती आता मान वर करून आमच्या सायकलींकडे बघायला लागली. टायर, पिशव्या, सगळं वरपासून खालपर्यंत.

“हे एवढं तोगाशीला दाखवायला पाहिजे,” म्हणाली.

किशिमोतोच्या डोळ्यांत घाम गेला होता. त्याने गळ्यातला टॉवेल तोंडाला लावला आणि बराच वेळ पुसत राहिला. म्हातारीने त्याच्याकडे न बघता पायाने एक रिकामी टोपली त्याच्या दिशेने सरकवली.

“जेवलास का?”

“नाही.”

“एवढा ढीग संपू दे, मग वाढते. शेंगा थांबत नाहीत.”

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि शेंगा तोडू लागला. मी उभाच होतो. थोड्या वेळाने मलाही एक टोपली मिळाली.

१४ ऑगस्ट, रविवार.

सकाळी कालव्यावर त्याला गाठलं.

“तुला माहीत होतं.”

“होतं.”

“साकाईपासून माहीत होतं. कानाझावात मी तुला कॅलेंडर समजावून सांगत होतो तेव्हाही माहीत होतं.”

“फार छान सांगितलंस.”

“मी उन्हात पडलो. तारीख गाठायची म्हणून पडलो. ती तारीख नव्हतीच.”

त्याने चेहरा धुतला, वर बघितलं. “तिथे सांगणार होतो. पण तू मला ट्रेनने पाठवायला निघालास. मग कसं सांगू? आणि आधी सांगितलं असतं तर तू नकाशा गुंडाळून ठेवला असतास. म्हणाला असतास, यंदा चुकलं, पुढच्या वर्षी वेळेवर जाऊ. तुला तारीख लागते रे. मला कुणीतरी तारीख आहे असं समजून ओढत नेणारा लागत होता.”

मला हे मुळीच पटलेलं नाही. मी तसं त्याला सांगितलं. मी असंही सांगितलं की खेड्यात ऑगस्ट, हा नियम बरोबर आहे; हे गाव नियमाला अपवाद आहे, आणि अपवाद माहीत असणाऱ्याने तो वेळेवर सांगायचा असतो. तो म्हणाला, बरोबर आहे. मी म्हटलं, माझी चूक नाही. तो म्हणाला, नाही. मग भांडायला काही उरलं नाही, म्हणून परत येऊन शेंगा तोडल्या.

१५ ऑगस्ट, सोमवार.

शेंगा तोडायची यांची पद्धत सुधारण्यासारखी आहे. मी एका हाताने दांडा फिरवून दुसऱ्याने ओळीने तोडायची रीत बसवली आणि टोपलीत सगळ्या शेंगा एका दिशेने लावल्या. किकुयोबाईंनी येऊन बघितलं.

“रांगा छान लागल्यात. टोपली कधी भरणार?”

“दर्जा बघा.”

“खाणारा रांग खात नाही, शेंग खातो.”

मग त्यांनी मला हातगाडी दाखवली. चाक डगमगत होतं, आतले बेअरिंगचे छर्रे झिजलेले. दुपारपर्यंत दुरुस्त करून, ग्रीस भरून दिली. भरलेली गाडी त्यांनी एका हाताने ढकलून बघितली, आणि संध्याकाळी माझ्या पानात माशाचा मोठा तुकडा होता.

एक गोष्ट बघितली. सकाळी त्यांनी तामोत्सुसमोर वाटी ठेवली, आणि शेताकडे निघून न जाता समोर बसून राहिल्या. तो वाटी संपवेपर्यंत त्या हात पुसत होत्या, पुसण्यासारखं काही नसताना.

१६ ऑगस्ट, मंगळवार.

माझ्या आखणीप्रमाणे उद्या परत निघायचं. परतीची पानं दोघांसाठी आखलेली आहेत. आज सकाळपासून तो विषय काढायला संधी बघत होतो, तेवढ्यात तोगाशी आला. गावकीचं काम हाच बघतो. रुंद, लाल चेहऱ्याचा माणूस, शेडच्या दारात उभा राहून बोलतो, आत येत नाही.

“आजी, उद्या कालव्याचं गवत. घरटी एक माणूस, उजाडताच.”

“हं,” किकुयोबाई म्हणाल्या.

“मागच्या खेपेला तुम्हीच आला होतात. तुम्ही येता आणि मग आम्हाला लाज वाटते, बसताही येत नाही मध्ये.” तो हसला. मग त्याने तामोत्सुकडे बघितलं आणि हसू आवरलं. “या खेपेला इगाराशींकडून कोण?”

म्हातारीचे हात चालूच होते, पण शेंगा तोडून झालेल्या दांड्यालाच ती पुन्हा चाचपत होती. हे मला दिसलं. माझी नजर अशा बाबतीत चुकत नाही. तामोत्सुचे हात थांबले होते.

मी म्हटलं, “आम्ही दोघं येतो.”

“घरटी एकच,” तोगाशी म्हणाला. “आणि तुम्ही पाहुणे, मास्तर.”

“मी येतो,” तामोत्सु म्हणाला.

आवाज बारीक आला, म्हणून घसा साफ करून त्याने पुन्हा म्हटलं. “आमच्या घरून मी येतो.”

तोगाशीने मान हलवली. “म्हणजे पोचलास. लांबची वाट होती म्हणायची.” आणि पुढच्या घराकडे निघून गेला.

किकुयोबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत भिंतीपर्यंत गेल्या, खुंटीवरचा विळा काढला, अंगठ्याने पातं बघितलं आणि तामोत्सुच्या पुढ्यात ठेवला.

“हिवाळ्यापासून हात लागला नाही. धार लाव. असा घेऊन गेलास तर लोक मला हसतील.”

त्याने विळा उचलला आणि दगड शोधायला बाहेर गेला. मी परतीची पानं दोघांची होती ती एकाची केली. त्यात विशेष काही नाही, मुक्काम तेच राहतात.

१७ ऑगस्ट, बुधवार. नेझुगासेकी.

उजाडताच निघालो. किकुयोबाईंनी भाताचे मुटके आणि शेंगांची पिशवी दिली, वजनाचा विचार न करता; मी ती कॅरियरवर मध्यावर बांधली. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी जुलैत या. तेराला.” मी म्हटलं, तारीख लिहून घेतली आहे.

रस्ता कालव्याच्या कडेने जातो. दोन्ही काठांवर माणसं रांगेत वाकून गवत कापत होती. तामोत्सु शेवटून तिसरा. त्याचं कापणं वाईट होतं. मुळापासून न घेता मधूनच उडवत होता, मनगट ताठ, आणि त्यामुळे रांगेच्या मागे पडला होता. सायकल थांबवून मी एक पाय जमिनीला टेकला. विळा कसा धरायचा ते तिथूनही सांगता आलं असतं.

त्याच्या पुढचा माणूस थांबला. मग त्याच्या पुढचा. कुणी मागे वळून बघितलं नाही. एकाने टोपी काढून डोकं खाजवलं, दुसऱ्याने गवताची काडी दातात धरली, आणि तो बरोबरीला येईपर्यंत सगळी रांग उभी राहिली. तो आला. मग सगळे पुन्हा एकदम वाकले.

मी काही बोललो नाही. काम त्यांच्या पद्धतीने बरं चाललं होतं.

दक्षिणेचा वारा आहे, म्हणजे घरापर्यंत समोरचा. सीट थोडी खाली घेतली आहे. दुपारी एका आजीच्या टपरीवर बर्फाचा गोळा खाल्ला. सावली होती, घाई नव्हती, म्हणून आणखी एक मागवला.